पहिल्या दिवसाची एक्केचाळीस नावं

१

सिनेमा संपला, पडदा काळा झाला, मदत करणाऱ्यांची नावं खालून वर सरकू लागली, आणि पहिल्या रांगेतून माझी भाची ओरडली, "मावशी, तू कुठे आहेस?"

"ही काय, तुझ्या मागेच. ओरडतेस कशाला?"

"इथे नाही गं, पडद्यावर! तू पडद्यावर नाहीयेस!"

मी चष्मा पुसला आणि नीट पाहिलं. नावं सरकत होती, एकाखाली एक, सगळी शुद्ध. ती मीच तपासली होती, त्यामुळे शुद्ध असणारच. पण माझं स्वतःचं नाव काही दिसेना. नावं संपली, दिवे लागले, आणि धाकटी हातात फोन घेऊन तशीच उभी राहिली.

धाकटी म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती आणि थोरला बारा. दोघांना मीच वाढवलं. धाकटीला सिनेमा काढायचा होता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईची गोष्ट. असल्या गोष्टीला निर्माता कुठला मिळायला? मग तिने इंटरनेटवर एक पान टाकलं आणि सरळ लोकांनाच सांगितलं, की मला हा सिनेमा करायचाय, जमेल तेवढी मदत करा, बदल्यात तुमचं नाव पडद्यावर येईल. तीनशे अठ्ठावन्न जणांनी मदत केली. उद्या सकाळी अकरा वाजता याच चित्रपटगृहात त्या सगळ्यांसाठी पहिला खेळ होता. आज आम्ही तिघंच चाचणी बघायला बसलो होतो.

धाकटीने फोनमधली यादी पडद्याशी ताडून पाहिली. पुन्हा पाहिली. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"तीनशे सतराच आहेत. एक्केचाळीस नावं गायब आहेत, मावशी."

"कुठली?"

"पहिल्या दिवसाची. पान टाकलं त्या दिवशी ज्यांनी मदत केली ना, नेमके तेवढेच. शिंपीणबाई, आमच्या शाळेतल्या बाई, तळमजल्यावरचे डॉक्टर, तू. कुणाचा माझ्यावर विश्वास नव्हता तेव्हा ज्यांनी ठेवला, ते सगळे. दुसऱ्या दिवसापासूनचं एकही नाव हाललेलं नाही."

चूक ही आंधळी असते. ती कुठेही पडते, अशी निवडून निवडून पडत नाही. मग हे केलं कुणी? आणि कशासाठी?

२

तिथे आमच्याशिवाय तिसरा माणूस होता तो कात्री. सिनेमाची कापाकापी आणि जोडाजोड त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणतात. त्याचं खरं नाव त्याच्या आईला तरी आठवत असेल की नाही, देव जाणे. शेवटची नावं पडद्यावर चढवायचं कामही त्याचंच.

"मी माझ्या मनाने कापत नाही," तो म्हणाला. तीन आठवडे नीट झोप नसल्यामुळे त्याचे डोळे तांबारले होते. "कागद आला होता. त्यावर लिहिलं होतं, एक्केचाळीस नावं काढा. मी काढली."

"आणि तू विचारलंही नाहीस?" धाकटी म्हणाली.

"मला वाटलं, त्या लोकांनी पाठिंबा मागे घेतला असेल. तो विषय तुझ्याकडे काढणं बरं दिसलं नसतं."

"कागद कुठाय?"

"माझ्या खोलीवर. त्या ढिगात असेल."

"अक्षर कुणाचं होतं?"

कात्रीने डोकं खाजवलं. "गिचमिड. आणि 'ल' उलटा काढलेला."

धाकटीचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. उलटा 'ल' आमच्या घरात एकच जण काढतो. मी त्याला तिसरीपासून सांगत आले, पट्टी घेऊन सांगितलं, गोडीत सांगितलं, पण पठ्ठ्याने 'ल' काही सुलटा केला नाही.

"दादा," धाकटी म्हणाली.

आता मला सगळं सांगणं भाग आहे. ज्या दिवशी धाकटीने ते पान टाकलं, त्या दिवशी थोरला भडकला होता. जगापुढे हात पसरतेस, लाज नाही वाटत, असं तो भर घरात म्हणाला. त्यावर धाकटीही काही कमी बोलली नाही. वर्षभर दोघांचं बोलणं बंद. माझ्या घरी एकाने यायचं तर दुसऱ्याने निघायचं, आणि मी मधल्या मधे चहाचे कप विसळायचे. आता कुठे दोन महिन्यांपासून 'कशी आहेस', 'बरी आहे' इथवर गाडी आली होती. उद्याच्या खेळाला तो येणार होता. मला सिनेमापेक्षा त्याचंच अप्रूप होतं, खोटं कशाला बोलू.

"अगं, त्याने कशाला असं करावं?" मी म्हटलं.

"त्या दिवशी त्याचं कुणी ऐकलं नाही म्हणून. त्या एक्केचाळीस जणांनी त्याला खोटं पाडलं ना!"

"तू घाई करू नकोस. मला संध्याकाळपर्यंत वेळ दे. मी छडा लावते."

"तू?"

"अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली. ही एक नाही निघणार?"

धाकटीने फोन खाली ठेवला. पण तिचा चेहरा मला ठीक वाटेना. "मावशी, मी त्याला आत्ताच लिहून टाकलं," ती म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला. 'त्या एक्केचाळीस नावांचं तू काय केलंस ते आज पडद्यावर पाहिलं. उद्या येऊ नकोस.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

३

थोरला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. तीन आठवडे परगावी नव्या लिफ्टी बसवून तो कालच परतला होता. मी गेले तेव्हा तो जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कामाचे पाने-पकडी पुसत बसला होता. सूनबाईने दार उघडलं आणि डोळ्यांनीच मला खुणावलं, की आज जरा जपून.

मी जपून वागणारी असते तर आणखी काय हवं होतं! बसल्या बसल्याच मी विचारलं, "नावांचं ते तूच केलंस?"

"हो."

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. मग मी उलट तपासणी घेईन, तो गडबडेल, असं सगळं मी वाटेत ठरवून आले होते. हा तर पहिल्याच फटक्यात हो म्हणून मोकळा.

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. विचारून केलं असतं तर त्यात राहिलं काय?"

"अरे, आणि तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. वाटलं, तिला आवडेल."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "आवडेल?"

"नाही आवडलं," तो पाना घासत म्हणाला. "लिहिलंय तिने तसं. येऊ नकोस म्हणते. ठीक आहे. आगाऊपणा झाला माझा. पुन्हा तिच्या सिनेमात नाक खुपसणार नाही मी."

"थोरल्या, एक्केचाळीस माणसांची नावं अशी... हे आवडण्यासारखं आहे?"

"एवढी वाईट दिसतात का गं?" त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. मग तो उठून आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

वाईट दिसतात? जी दिसतच नाहीत ती वाईट कशी दिसतील? मी सूनबाईकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. एवढी चक्रावलेली मी माझ्या लग्नातही नव्हते. गुन्हेगार सापडला होता, त्याने कबुलीही दिली होती, आणि त्याने नेमकं काय केलं हेच मला कळत नव्हतं.

४

खाली येऊन मी जिन्याच्या पायरीवर बसले. डोक्यात गुंता झाला की मी लिहून काढते. पिशवीत एक जुनं पाकीट होतं. मी पाकिटं टाकत नाही. आतला कागद काढून घ्यायचा, पाकीट पाठकोरं म्हणून ठेवायचं, ही छापखान्यातली सवय. त्याच्या मागच्या बाजूवर मी लिहिलं: 'थोरला – कबूल, पण कसलं? कात्री – कागद आला म्हणतो. खरं का?' पुढे काही सुचेना, म्हणून पाकीट उलटवलं.

पुढच्या बाजूला एक ओळ होती. 'पेंटरला द्यावे.'

'ल' उलटा होता.

हे पाकीट माझ्याकडे कुठून आलं? आता हे सांगायला हवं, की सिनेमाचं कार्यालय म्हणजे माझीच पुढची खोली. टेबलावर दोन ट्रे. डावीकडे तपासायचे कागद, उजवीकडे तपासलेले. जो तो येतो, माझ्या दुपारच्या झोपेतसुद्धा डावीकडे काही ठेवून जातो. मी लाल शाईने तपासते, नको तो पाल्हाळ छाटते आणि उजवीकडे टाकते. उजवीकडचं सगळं कात्री घेऊन जातो. त्यात काय लिहिलेलं असतं ते मला विचारू नका. मी अक्षरं वाचते, अर्थ वाचत नाही. अर्थात गुंतलं की चूक निसटते, हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आम्हाला.

पेंटरचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे आहे. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची उमर गेली, आता पाट्या छापून येतात. धाकटीच्या सिनेमाचं नाव त्यानेच ब्रशने रंगवलं होतं. मला बघून तो उठलाही नाही.

"आज बरी आठवण झाली," तो म्हणाला. "तुमच्या दारात दोनदा येऊन गेलो मी, बाई."

"कशाला?"

"माझं पाकीट न्यायला. दोन्ही वेळा तुम्ही दार अर्धंच उघडून म्हणालात, पाकीटबिकीट काही नाही, काम चाललंय. एवढं काय ते! नको असेल काम द्यायला तर तसं सांगायचं. ब्रश धुऊन तीन आठवडे वाट बघतोय मी."

"कसलं काम? नीट सांगा बघू."

"एक्केचाळीस नावं. काळ्या कार्डावर पांढऱ्या रंगात, एकेक. तुमचा थोरला येऊन गेला होता परगावी जायच्या आधी. म्हणाला, मावशी नावं तपासून ठेवील, तिच्याकडून पाकीट घ्या, रंगवून झाली की कार्डं थेट कात्रीला द्या. बहिणीला बोलू नका, तिला एकदम पडद्यावरच दिसू दे." पेंटर जरा थांबला. त्याचा रागही थोडा निवला. "मी विचारलं, एक्केचाळीसच का? तर म्हणाला, काका, त्या दिवशी मी तिला नाही नाही ते बोललो. मी बोलत होतो तेव्हा ही माणसं तिच्या बाजूने उभी राहिली. यांची नावं यंत्राने काढायला नकोत."

मी तिथल्याच रंगाच्या डब्यावर बसले. डबा ओला होता, ते नंतर कळलं.

म्हणजे थोरल्याने नावं घालवली नव्हती. तो बहिणीची माफी मागत होता, त्याला जमते तशी. आणि तिने त्याला लिहिलं, उद्या येऊ नकोस. तो बिचारा समजून बसला, की ती कार्डं तिने पाहिली आणि तिला राग आला!

पण मग त्याचा कागद पेंटरकडे यायचा तो कात्रीकडे गेला कसा? पाकीट माझ्याकडे, कागद त्याच्याकडे. कागदावरचं बदललं कुणी? माझ्या घरातून कागद उचलून नेणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्याच हातचा चहा पिऊन जायचा.

५

कात्रीची खोली म्हणजे दोन पडदे, एक पंखा आणि कागदांचे ढीग. धाकटी तिथेच बसली होती. चुरगळलेला रुमाल हातात होता.

"कागद काढ," मी दारातूनच म्हटलं. "आणि खोटं बोललास तर याद राख. पाकिटातून तो कुणी काढला, आणि त्यावर खाडाखोड कुणी केली, सगळं कळलंय मला."

"खाडाखोड?" कात्री गोंधळला. "ती तर आहेच. पण ती..."

"ती काय?"

ढिगातून एक कागद ओढून त्याने माझ्यापुढे धरला, आणि का कोण जाणे, नजर दुसरीकडे वळवली.

खाली एक्केचाळीस नावं होती. सहा नावांतल्या वेलांट्या सुधारलेल्या होत्या. वर थोरल्याच्या गिचमिड अक्षरात एक ओळ होती. त्याने लिहिलं होतं: 'पडद्यासाठी या लोकांची नावं हाताने काढून हवीत.' त्यातलं 'पडद्यासाठी' उडवलं होतं. 'हाताने' उडवलं होतं. 'काढून हवीत' खोडून त्यावर 'काढणे' केलं होतं. सगळं लाल शाईत, एका दमात, सराईत हाताने.

उरलं होतं ते असं: 'या लोकांची नावं काढणे.'

ती शाई मी ओळखते. महिन्याला दोन बाटल्या आणते मी.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. कात्री बोलणार नाही, त्याला माझी भीती वाटते. पेंटर म्हातारा आहे, विसरला म्हणता येईल. अडतीस वर्षांत माझ्या हातून गेलेली एक चूक कुणी दाखवून देऊ शकलेलं नाही. मी तो कागद बराच वेळ हातात धरून उभी होते. मला आठवेना, की हे मी कधी केलं. आठवणार कसं? मी वाचलंच नव्हतं.

"मावशी?" धाकटी म्हणाली. "कोण आहे?"

"मी," मी म्हटलं.

तिला कळेना. मग मी तिला ओळ दाखवली, पाकीट दाखवलं, पेंटर काय म्हणाला ते सगळं सांगितलं. थोरला ब्रशने नावं काढायला सांगत होता. शीर्षक आटोपशीर हवं म्हणून मी ते छाटलं. हाताने नाही तर काय पायाने काढणार, असंच तेव्हा मनात आलं असेल. पाकीट मोकळं करून मी पाठकोऱ्यात टाकलं आणि कागद उजव्या ट्रेमध्ये. कात्रीने जे लिहिलं होतं ते केलं. कुणी काही लपवलं नव्हतं, कुणी कुणावर डूख धरला नव्हता.

धाकटी कितीतरी वेळ त्या उलट्या 'ल'कडे बघत राहिली. "मी त्याला काय लिहिलंय, मावशी," ती म्हणाली आणि रडू लागली.

६

पेंटरने सहाला ब्रश हातात घेतला. एका नावाला चार मिनिटं, असा त्याचा हिशोब. कात्री शेजारी कॅमेरा लावून उभा राहिला. वाळलं कार्ड की टिप फोटो. त्यांना तिथे सोडून आम्ही दोघी थोरल्याकडे गेलो.

दार त्यानेच उघडलं. धाकटी माझ्या मागे लपली, पस्तीस वर्षांची घोडी. मला वाटेत पाठ केलेलं सगळं विसरायला झालं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

थोरल्याने सूनबाईला हाक मारली. "अगं, जरा बाहेर ये. मावशी काय म्हणतेय ते ऐक. मावशी, पुन्हा म्हण."

"मस्करी करू नकोस. चूक माझी आहे. तुझी नाही, हिचीही नाही." मी कागद त्याच्या हातात दिला.

त्याने वाचला. पुन्हा वाचला. मग त्याने पहिल्यांदा बहिणीकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता हा दार लावणार. दार धरलेला त्याचा हात नुसता तिथेच होता.

"दादा, मला वाटलं, तू ती उडवलीस," धाकटी म्हणाली. "मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

"मीही त्या दिवशी विचारलं नव्हतं, तुला कसला सिनेमा करायचाय ते," थोरला म्हणाला. "पण तू मला 'उद्या येऊ नकोस' असं लिहिलंस. तेवढं तरी मावशीकडून तपासून घ्यायचंस. तिने 'नकोस' उडवलं असतं."

धाकटी आधी हसली आणि मग जास्तच रडली. त्याने तिला आत ओढून घेतलं. मी पायपुसण्यावर उभीच. माझ्या साडीला मागे पांढरा रंग लागलाय, हे सूनबाईने तेव्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अकराला चित्रपटगृह भरलं. शिंपीणबाई होत्या, शाळेतल्या बाई काठी टेकत आल्या होत्या, पेंटर धुतलेला सदरा घालून कडेला उभा होता. भावंडं पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसली आणि मी त्यांच्या मागे. सिनेमा मी नीट पाहिला असं म्हणवत नाही. मी त्या दोघांची डोकीच बघत होते.

मग पडदा काळा झाला, आणि एकेक नाव येऊ लागलं. हाताने काढलेलं, ब्रशचा जोर कुठे जास्त कुठे कमी, अक्षरांच्या कडा जिवंत. लोक आपलं नाव आलं की हळूच आवाज करत होते. डॉक्टर स्वतःच्याच नावाला उठून उभे राहिले. शिंपीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

तेविसावं नाव माझं होतं. घाईत पेंटरने त्यातली वेलांटी उलटी दिली होती. दीर्घ हवी तिथे ऱ्हस्व. भिंतीएवढ्या अक्षरांत, साडेतीनशे माणसांसमोर.

थोरला आणि धाकटी दोघांनी एकाच वेळी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काही फुटलं की ती अशीच बघायची, एकमेकांना चिकटून, आता मावशी काय म्हणते म्हणून.

मी टाळ्या वाजवायला लागले.